हौदा

ड्यूजबरीच्या पोहण्याच्या तलावावर
ऑक्टोबर लागला की फळ्या टाकायचे.
उन्हाळाभर तिथं पोरं पोहायची,
हिवाळाभर आम्ही पडायचो.
खाली रिकामा हौद, वर रिंग,
त्यामुळं पाठ टेकली की असा आवाज निघायचा
की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या
पर्स छातीशी धरून उभ्या राहायच्या.
तुम्ही म्हणायचात, रंगा, हा आवाज फुकटचा आहे,
ह्याचे पैसे मागू नकोस.

हेबलथ्वेट साहेब,
तुमच्या मातीला मी आलो नाही.
गुडघा. दोन्ही गुडघे, खरं तर.
पण फुलं पाठवली होती बारा पौंडांची,
पावती आहे माझ्याकडं.
तुमच्याकडून एवढं एकच शिकलो :
कागद ठेवावा.

मी कवलापूरचा, सांगलीच्या अलीकडं.
पोस्टरवर बंगालचा महाराजा.
बंगाल मी शाळेत नकाशावर पाहिला होता, पिवळ्या रंगात.
फेटा तुमच्या बायकोनं पडद्याच्या कापडाचा शिवला,
आणि त्याचे साडेतीन पौंड
माझ्या पहिल्या पाकिटातून कापले.

सहा महिने हर, म्हणालात, नीट हर,
लोकांना दया यायला हवी.
मार्चमध्ये पट्टा तुझा.
हात पुढं केलात. जाड, कोरडा हात,
सिगारचा वास असलेला.
आमच्याकडं एवढ्यावर जमिनी विकल्या जायच्या.

मग मी हरलो.
बॅटलीत हरलो, कीथलीत हरलो,
रॉदरहॅमला ताप अंगात असताना हरलो.
वस्तादांना पत्रात नुरा हा शब्द
कधी लिहिला नाही.
लिहिलं, इकडची कुस्ती जरा वेगळी असते,
थंडी फार आहे, दूध चांगलं मिळतं.

आणि स्टॅन पिकर्सगिल,
बार्न्सलीचा, पोस्टरवर खाटीक,
माझा सात जन्मांचा वैरी, दर गुरुवारी साडेसातला.
डोक्यावर उचलायचा मला
आणि टाकताना तळवा मानेखाली सरकवायचा,
कुणालाच दिसायचा नाही, मलाच कळायचा.
त्यानं कधी कसला शब्द दिला नाही.
रोज रात्री माझी मान त्याच्या हातात असायची
आणि रोज सकाळी
ती माझ्या खांद्यांवर असायची.

मार्चचा तो गुरुवार.
हॉल गच्च. बाहेर बर्फाचा चिखल.
तिसऱ्या राउंडला त्यानं मला दोरांवर दाबलं
आणि कानात म्हणाला,
म्हाताऱ्यानं फिरवलंय, रंगा.
पट्टा माझ्याकडंच ठेवायचा म्हणतोय.
तुला हवा असेल तर सांग.
मी पडतो.

त्याला तीन पोरं होती.
धाकट्याच्या पायाला लोखंडी पट्ट्या.
तुम्ही पडद्याआड उभे होतात,
घड्याळाकडं बघत.

मी म्हणालो, उचल.

तो आवाज, साहेब, ऐकलात ना तुम्ही?
सगळ्या हिवाळ्यातला मोठा.
तोही फुकट.
नंतर खोलीत आलात, म्हणालात, पुढच्या वर्षी नक्की,
आणि पाकिटात दोन पौंड कमी होते,
हॉलचं भाडं वाढलं म्हणून.
स्टॅननं त्याच्या पाकिटातला एक काढला,
माझ्या बुटात टाकला
आणि काही न बोलता केस विंचरत बसला.

आता मंगळवारी मी तिथंच जातो.
डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय, गुडघ्यांसाठी,
कोमट पाण्यात अर्धा तास.
फळ्या केव्हाच गेल्या. निळ्या फरश्या आहेत,
क्लोरीनचा वास, आणि शिट्टीवाली एक पोरगी,
तिला वाटतं मी बस चालवायचो.
मधोमध, साधारण जिथं रिंग यायची तिथं,
मी उताणा होतो.
कान पाण्याखाली. वरचे दिवे हलतात.

पोरगी काठावरून विचारते, आजोबा, बरे आहात ना?
मी हात वर करतो.
पाठ
कुठंच टेकत नाही.